खुर्चीच्या पाठीवरचं नाव

सोमवार, १० जानेवारी १९६६

आज मोतीबेटाचा समुद्र, म्हणजे आमच्या दूरचित्रवाणी मालिकेचा हौद, उपसला. महिन्यातून एकदा उपसावाच लागतो, नाहीतर शेवाळाचा वास सुटतो आणि लिओनोराबाई नाकाला रुमाल लावून बसतात. म्हणून दिवसभर झोपडीच्या आतलंच चित्रीकरण. सकाळी दोन माळी प्लास्टिकच्या नारळांवर पाणी मारत होते. खऱ्या माडांना मात्र कोणी विचारत नाही, ते बिचारे वाळून चाललेत.

नव्या वर्षात रोज लिहायचं असं ठरवलं होतं. दहाव्या दिवशी वही उघडली, म्हणजे फारसा उशीर झालेला नाही.

झोपडीतल्या प्रसंगाला दिवे लावायला तास लागला. एवढा वेळ मी उभा राहिलो तर माझे गुडघे मला सोडून जातील, म्हणून माझ्या जागी माझा बदली उभा राहतो. गॅरी त्याचं नाव. माझ्याइतकाच उंच, माझ्यासारखेच पांढरे केस. दिवे त्याच्या तोंडावर लावून घेतात, मग सहदिग्दर्शक बर्ट ओरडतो, "दुसरी फळी बाहेर, पहिली फळी आत." गॅरी निघतो, मी जातो. चटका त्याला, चेहरा माझा. तो बाजूच्या लाकडी खोक्यावर जाऊन बसतो. मला कापडी खुर्ची आहे, पाठीवर रंगवलेलं 'एलवुड हॅदर्ली'. आमच्या धंद्यात खुर्चीवर नाव असलेले लोक मोजकेच, आणि दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं म्हणजे देवळात जोडे घालून जाण्यासारखं.

मी कधी भेदभाव केला नाही. दोन वर्षं रोज सकाळी "काय गॅरी" म्हणतो, तो माझ्या भूमिकेच्या नावाने "बरंय कमोडोर" म्हणतो. याहून मैत्री ती काय वेगळी असते.

आज तो म्हणाला, उद्या येणार नाही, थोरला भाऊ गेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नेब्रास्कातल्या आमच्या एका खोलीच्या शाळेत कीनबाईंनी लिहून दिलेली कविता म्हणावीशी वाटली, पण तेवढ्यात बर्ट ओरडला.

जेवणाच्या वेळी कपडेपटातल्या हॅटीने कोटाची गुंडी लावून दिली. गुंडी तुटलेली नव्हती असं मला वाटतं. सूपही दिलं, म्हणे घरी जास्त झालं होतं. या बाईला सूप बेतानं करता येत नाही.

गुरुवार, १३ जानेवारी

वर्तमानपत्रात गॅरीचा फोटो.

मी कॉफी पीत होतो आणि समोर माझाच चेहरा. नीट पाहिलं तर गॅरी. मथळा असा की मालिकेत दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा माणूस स्वतःच लखपती. भावाला मूलबाळ नव्हतं, शहराजवळच्या व्हॅलीतली अक्रोडाची बाग याच्या नावावर आली आणि त्या जागेवर कोणी कंपनी मोठं बाजारसंकुल बांधणार आहे, वाटेल ती किंमत देऊन. पूर्ण नाव छापलंय: गाराबेद ताशजियान. आर्मेनियन आहे, फ्रेस्नोजवळ वाढलेला. मला वाटायचं तो आयरिश असावा.

दोन वर्षं मी गडगंज श्रीमंताचं काम करतोय. कमोडोर बार्थोलोम्यू, चौदा गिरण्यांचा मालक, जहाज बुडून बेटावर अडकला तरी संध्याकाळी कोट चढवणारा. भाजीवालासुद्धा मला कमोडोर म्हणून दोन संत्री जास्त देतो. आणि खरी श्रीमंती आली ती खोक्यावर. मौज वाटली. पुन्हा पुन्हा वाटली, रात्री झोप लागेपर्यंत.

सोमवार, १७ जानेवारी

गॅरी कामावर आला. सगळ्यांना वाटलं होतं आता तो कशाला येतोय. मीही विचारलंच.

"घरी बसून काय करू?" तो म्हणाला. "इथे सांध्यांना शेक मिळतो. डॉक्टर एवढ्या शेकाचे पैसे घेईल, हे लोक देतात."

दहा वाजता निर्माते हॅल्व्हर्सन स्वतः खाली आले. हा माणूस एरवी काचेमागून हात हलवतो. मागे सामानवाला, त्याच्या हातात कोरी खुर्ची, पाठीवर 'मि. ताशजियान'. माझ्या खुर्चीवर मिस्टर नाही. कॅमेऱ्यावाल्यांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्राच्या माणसाने फोटो काढला. गॅरी बसला, कंबर दोनदा इकडे तिकडे केली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "कमोडोर, यात तू दिवसभर बसतोस? माझं तर कंबरडं मोडेल. खोका बरा."

मी म्हटलं, सवय लागते.

हॅल्व्हर्सननी लेखकांना नवं कथानक दिलंय. आमच्या बेटावरचा खलाशी पोऱ्या, जो सगळ्यांची भांडी घासतो, त्याला रेडिओवर कळतं की त्याच्या काकाची मालमत्ता त्याला मिळाली. मग कमोडोर आणि त्याची बायको त्याला आपल्या क्लबात घेतात. क्लब म्हणजे बांबूच्या तीन खुर्च्या आणि एक झावळीची छत्री. शेवटी पोऱ्या सगळं वाटून टाकतो. गोष्ट वाईट नाही.

रविवार, २३ जानेवारी

आज लिओनोराबाईंनी गॅरीला पॅसाडीनाला आपल्या घरी दुपारच्या जेवणाला बोलावलंय. बाई माझ्या बायकोचं काम करतात. पडद्यावर मी रोज त्यांचा हात हातात घेतो. त्यांचे आजोबा रेल्वे कंपनीचे मालक, हे त्या दर आठवड्याला सांगतात. मला असल्या जेवणावळींचा कंटाळा आहे, म्हणून दोन वर्षांत मी कधी गेलो नाही. बोलावलंही नव्हतं, ते सोडा.

दिवसभर खोलीत कीनबाईंची कविता आठवून लिहून काढली. त्या ती फळ्यावर लिहायच्या, आम्ही बाकांवर उभे राहून म्हणायचो. समुद्र आमच्यापासून हजार मैल होता, आम्ही कोणी तो पाहिलेला नव्हता, बाईंनीही नाही. तरी शेवटच्या ओळीला शेणगाड्या हाकणारी पोरं छाती पुढे काढून उभी असत.

गेले जहाज, गेले शीड, काठ राहिला दूर;
छातीमधला अजून माझ्या ओसरला ना पूर.
वाळूवरती बसू सारे, ज्याला त्याला जागा;
लाट कधी का शोधत बसते कोण्या कुळाचा धागा?

आता वाचताना वाटलं, दूर मक्याच्या शेतात वारा सुटला की समुद्र असाच वाजत असेल, असं बाईंना वाटत असावं.

सोमवार, २४ जानेवारी

गॅरीने जेवणाचा वृत्तांत दिला. बाईंनी त्याला खिडकीशी बसवलं आणि जमिनीवरच्या गालिच्याची किंमत विचारली. आर्मेनियन म्हणजे गालिचेवाला, असा त्यांचा हिशोब. गॅरी आयुष्यात गालिचा विकला नाही, त्याच्या घरी चटई आहे. "मी म्हटलं, बाई, छान आहे, पण कुत्र्याने एका कोपऱ्यात मुतलंय. खरंच मुतलं होतं. मग त्यांनी मला मिठाई दिली."

मी फार हसलो. तीनदा सांगायला लावलं त्याला. हॅटी बाजूला टाके घालत होती, म्हणाली, "आज तुमची कळी खुलली बाई." कळी कशाला खुलायची, गोष्टच तशी होती.

मंगळवार, १ फेब्रुवारी

बाजारसंकुल रस्त्याच्या पलीकडे होणार. कंपनीने समोरची लिंबाची बाग घेतली. गॅरीच्या बागेला आता अक्रोड लागतात तेवढीच किंमत. बातमी आतल्या पानावर, चार ओळींची, फोटो नाही.

गॅरीला विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाला, भावाची झाडं तोडावी लागणार नाहीत. मग म्हणाला, "भाचीला कॉलेजात पाठवीन म्हटलं होतं. तिला आता काय सांगू ते कळत नाही."

बुधवार, २ फेब्रुवारी

सकाळी आलो तर गॅरीच्या खुर्चीचं कापड काढून नेलेलं.

या खुर्च्यांची पाठ म्हणजे दोन दांड्यांवर चढवलेलं कापड. माणूस गेला की खालून ओढायचं, दुसऱ्याचं चढवायचं. पण दुसरं चढवेपर्यंत दोन दांडे नुसतेच उभे असतात, दात पडलेल्या जबड्यासारखे. ती खुर्ची आज सगळ्यांच्या मधोमध तशीच होती. गॅरी आला, त्याने तिकडे पाहिलं, खोका ओढून घेतला आणि बसला. लिओनोराबाई त्याच्या समोरून गेल्या आणि त्यांनी त्याच्याकडे न पाहता बर्टला विचारलं, दिव्यांना इतका वेळ का लागतोय.

बर्टने तर गॅरीला हाकही मारली नाही. चुटकी वाजवून बोट दाखवलं, तिथे. गॅरी गेला आणि माझ्या जागी उभा राहिला. दिवे लागले तेव्हा तो डोळे मिटत नव्हता. एरवी मिटतो.

काय झालं मला ठाऊक नाही, मी तडक वर गेलो. हॅल्व्हर्सनच्या दारावर ठोठावलंही नाही. म्हटलं, त्या माणसाची खुर्ची परत द्या. ते हसले. म्हणाले, एलवुड, त्यानेच कुठे मागितली? तुला तुझी आहे ना? मग त्यांनी टेबलावरचा कागद बोटाने सरळ केला आणि म्हणाले, पुढच्या वर्षाचे करार याच महिन्यात करायचेत, तुझं वय पाहता वरचे लोक कुरकुर करतायत, मी तुझी बाजू घेतोय.

हे ऐकून मी खाली यायला हवं होतं. बहात्तराव्या वर्षी दुसरं काम कोण देतं. यानंतर म्हाताऱ्यांसाठी दाढदुखीच्या गोळ्यांच्या जाहिराती तेवढ्या उरतात, आणि त्यातही आता तरुण घेतात आणि पावडर लावतात.

मी म्हटलं, "मिस्टर हॅल्व्हर्सन, खुर्चीत मी नट म्हणून बसतो. तो खोक्यावर बसतो तो तासभर भाजून आल्यावर."

ते म्हणाले, नव्या संहितेचा शेवट बदललाय, तो वाच.

वाचला. आता पोऱ्याची मालमत्ता खोटी निघते. कमोडोर त्याला क्लबातून हाकलतो, त्याचा कोट उतरवून घेतो, हातात तबक देतो आणि म्हणतो, "काही लोक तबक धरायला जन्माला येतात आणि काही त्यावरचं उचलायला." मग सगळे हसतात. शेवट.

माझ्या तोंडी.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहितो.

शेवटचा प्रसंग सूर्य मावळायच्या बेताला आला. दिग्दर्शक घड्याळ पाहत होते, कारण ठरलेल्या वेळेपुढे गेलं की सगळ्यांना दुप्पट मजुरी द्यावी लागते आणि ती हॅल्व्हर्सनना सोसत नाही. गॅरी माझ्या जागी उभा राहून गेला. जाताना म्हणाला, "डावीकडचा दिवा तिखट आहे, हनुवटी खाली ठेव." दोन वर्षं तो रोज मला काही ना काही सांगतो. मी कधी उत्तर दिलं नव्हतं असं आज लक्षात आलं. म्हटलं, "बरं, ताशजियान." तो वळून पाहायला लागला.

बांबूच्या तीन खुर्च्या. मधली माझी, उजवीकडे लिओनोराबाई, डावीकडची रिकामी केलेली. पोऱ्याचं काम करणारा रस्टी कोट उतरवून उभा. मी तबक घेतलं. ओळ तोंडात आली होती. शपथेवर सांगतो, मी ती म्हणणारच होतो. मग रस्टीच्या खांद्यावरून पलीकडे मला तो खोका दिसला.

मी तबक वाळूत ठेवलं. खुर्चीतून उठलो आणि रस्टीला म्हणालो, "बस."

रस्टी बिचारा गडबडला, संहितेत हे नाही. पण चांगला नट आहे तो, बसला. मी त्याच्या बाजूला उभा राहिलो आणि कीनबाईंच्या चारही ओळी म्हटल्या, शाळेत म्हणायचो तशा, हात न हलवता. लिओनोराबाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत कोणी थांबवलं नाही. मग दिग्दर्शक म्हणाले, "काम संपलं, घरी चला," कारण घड्याळात वेळ झाली होती. पुन्हा घेतलं असतं तर दुप्पट मजुरी.

बर्ट येऊन म्हणाला, "म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं? जेवलास तरी का नीट?"

मी म्हटलं जेवलो. सूप होतं.

रविवार, ६ फेब्रुवारी

हॅल्व्हर्सनचा दूरध्वनी. रागावले नाहीत, हेच वाईट. मऊ आवाजात म्हणाले, साबणवाल्या जाहिरातदाराला हे आवडणार नाही. उद्या सकाळी ये. नुसता तुझा चेहरा जवळून घेऊ, ती एक ओळ म्हण, आम्ही ती मधे घालतो. तासाभराचं काम. आणि त्याच टेबलावर पुढच्या वर्षाचा करार.

दिवसभर विचार केला. एक ओळ. तीस वर्षं मी गावोगावच्या रंगमंचांवर खुनी, सावकार, पाद्री, सगळ्यांच्या ओळी म्हटल्या, कुठली माझी होती? म्हणून टाकावी. खोलीचं छप्पर गळतं, गुडघ्यांना डॉक्टर लागतो. आणि गॅरीने कुठे मागितलंय काही? त्याला तर खोकाच आवडतो.

संध्याकाळी आरशापुढे ओळ म्हणून पाहिली. झकास येते. तेच तर.

सोमवार, ७ फेब्रुवारी

गेलो. हो, म्हणायचं ठरवूनच गेलो, कोट घालून, हनुवटी खाली ठेवून. हॅटीने गुंडी लावताना माझ्याकडे पाहिलंच नाही. टाचणी मात्र टोचली, ती कधी टोचत नाही.

माझ्या जागी कोणी दुसराच उभा होता. उंच, पांढऱ्या केसांचा टोप घातलेला, तरुणच. दिव्याकडे बघून डोळे पुसत होता. मी बर्टला विचारलं, ताशजियान कुठे. बर्ट म्हणाला, शनिवारीच काढलं त्याला, लोक त्याला बघून हसतात, हॅल्व्हर्सन म्हणाले वातावरण बिघडतं.

"पहिली फळी आत," बर्ट ओरडला.

तो तरुण निघाला. मी त्याला थांबवलं. विचारलं, "तुमचं नाव काय?"

"लॉइड, सर. लॉइड पेटिट."

"लॉइड, डावीकडचा दिवा तिखट आहे. डोळे मिटून घेत चला, वेळ झाली की ते सांगतात." मग मी हॅल्व्हर्सनकडे वळलो. ते कॅमेऱ्यामागे उभे होते, हातात करार. म्हटलं, "चेहरा हवाय ना जवळून? यांचा घ्या. माझ्या जागी उभं राहायची यांना मजुरी मिळते. ती ओळ म्हणायला मात्र माणूस शोधावा लागेल तुम्हाला."

हॅल्व्हर्सन म्हणाले, "एलवुड, तू या दारातून गेलास तर त्या खुर्चीवर उद्या दुसऱ्याचं नाव असेल."

"मिस्टर लावा," मी म्हटलं. "शोभून दिसतं."

दारापर्यंत गेलो आणि लक्षात आलं की कमोडोरचा कोट अंगावरच आहे. परत येऊन तो उतरवून हॅटीच्या हातात दिला. त्यामुळे जाण्याचा थाट थोडा गेला. नुसत्या शर्टावर बसची वाट पाहत उभा राहिलो. थंडी होती. पण मला, का कोण जाणे, गाणं म्हणावंसं वाटत होतं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

हॅटी दारात. हातात पातेलं आणि बगलेत गुंडाळी. म्हणे इकडे एका मैत्रिणीकडे आले होते. तिची मैत्रीण कुठे राहते विचारलं तर तिला गल्लीचं नाव आठवेना.

गुंडाळी उलगडली तर माझ्या खुर्चीचं कापड. सामानवाला ते पुसायला फडकं म्हणून नेत होता, तिने हिसकावून घेतलं. "नाव तुमचं आहे, त्यांचं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, फार उपकार, तुमची मैत्रीण खोळंबली असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, पातेलं ठेवलं आणि गेली. चिडल्यासारखी वाटली. बायकांचं कळत नाही.

बावीस दिवसांनी खोलीचं भाडं. गोळ्यांच्या जाहिरातवाल्यांकडे जाऊन आलो. पावडर लावलेला तरुण बाकावर बसला होता.

गुरुवार, २४ मार्च

आज तो भाग दाखवला. घरमालकिणीच्या दूरचित्रवाणीवर पाहिला. गॅरीलाही बोलावलं होतं, तो जर्दाळू घेऊन आला.

कापता आलं नव्हतं, कारण त्यानंतर पडद्यावर रस्टी माझ्या खुर्चीत बसलेला. म्हणून ठेवलं. पण आमच्या खेळात खरे प्रेक्षक नसतात. नंतर एक माणूस कुलूपबंद पेटी घेऊन येतो, कळा दाबतो, आणि पेटीतून हसणं निघतं. हळू हवं तर हळू, खो खो हवं तर खो खो. मी "बस" म्हणालो आणि पेटी हसली. पहिल्या ओळीला हसली. त्या पेटीत एका बाईचं घोरल्यासारखं हसणं आहे, मला ते ओळखीचं, आवडायचं. ती "ज्याला त्याला जागा" ला हसली. शेवटच्या ओळीला सगळा जमाव कोसळला.

घरमालकीण म्हणाली, "छान झाला हो विनोद."

गॅरी पडद्याकडे बघत होता. मग म्हणाला, "हनुवटी खाली ठेवलीस."

मी उठून पेटी बंद केली. म्हणजे दूरचित्रवाणी. त्या दुसऱ्या पेटीला हात कुठे पोचतो. बहात्तर वर्षांत एकदा मनापासून काही म्हटलं आणि त्यांनी त्याचाही साबण केला. झोप येत नाही. तरी सांगून ठेवतो, या वहीत का होईना: पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. मोठ्याने म्हणेन. हसा म्हणावं.

मंगळवार, २९ मार्च

पॅसाडीनाहून येणाऱ्या बसमध्ये जागा नव्हती. मी दांडा धरून उभा. मागच्या बाकावरून एक काळी बाई उठली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनीच लहान असेल, पायात कामावरचे पांढरे बूट, हातात पिशवी. म्हणाली, "बसा कमोडोर."

मी म्हटलं, छे छे, तुम्ही दिवसभर उभ्या असाल.

"बसा म्हणते ना. गुरुवारी तुम्ही त्या पोराला बसवलंत, आज तुम्ही बसा." तिचं नाव ओफीलिया ग्रँजर. लिओनोराबाईंच्याच गल्लीत कुणाकडे स्वयंपाक करते. शेजारच्याने सरकून घेतलं, मग दोघंही कसेबसे बसलो.

मी म्हटलं, लोक फार हसले त्या दिवशी.

"कोण हसलं? आमच्या घरी नऊ माणसं बसली होती. एकही जण हसला नाही. माझा नवरा तर उठून उभा राहिला. हसली ती पेटी. पेटीला काय कळतं?" मग तिने पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ते चार ओळींचं पुन्हा म्हणा बघू. नातीला पाठ करायचंय, तिला तिसरी ओळ आठवत नाही."

म्हटलं. बसमध्ये. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. उतरेपर्यंत ओफीलियाबाईंना तिसरी ओळ पाठ झाली होती आणि पुढच्या बाकावरच्या एका गवंड्यालाही.

रविवार, १० एप्रिल. ईस्टर

व्हॅलीत, गॅरीच्या बागेत. खोली सोडली मी. बागेतली भावाची कोठी रिकामीच होती. भाडं म्हणून हंगामात अक्रोड वेचायचे आणि भाचीला उच्चार शिकवायचे. ती गावातल्या कॉलेजात जाते, दुपारी एका दुकानात काम करते. गॅरीला सांगायला जड गेलं होतं ते तिने आधीच ओळखलं होतं.

हॅटी आली होती. तिची मैत्रीण आता इकडे व्हॅलीत राहायला आली असावी. बरोबर सूप, आणि सामानघरातून आणलेला दोन दांड्यांचा मोडका सांगाडा. गॅरीने तो खिळे ठोकून उभा केला, त्यावर माझं कापड चढवलं. मग तिघांपैकी कोणीच त्यात बसेना. शेवटी हॅटीला बसवलं. 'एलवुड हॅदर्ली' असं तिच्या पाठीशी दिसत होतं, ती एकदम लाल झाली. ऊन फार होतं.

तेवढ्यात बर्टचा दूरध्वनी आला. ओफीलियाबाईंसारखी बरीच माणसं वाहिनीला विचारतायत म्हणे, कमोडोर कुठे. हॅल्व्हर्सनचा निरोप असा की पुढच्या वर्षी ये, फक्त पहिल्या भागात ती तबकाची ओळ गमतीने म्हणून टाक, मिटवून टाकू. मिस्टर लावतील म्हणाले खुर्चीला.

बर्टला म्हटलं, "सांग त्यांना, खुर्ची इथे आहे आणि तिच्यात माणूस बसलंय."

जेवणानंतर गॅरीने कांद्याच्या सालींत उकडून लाल केलेली अंडी आणली. त्यांच्याकडे रीत आहे, अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटलं तो हरला. हॅटीने पहिल्याच फटक्यात गॅरीचं फोडलं. मग माझी पाळी. मी घट्ट धरून उभा राहिलो, जसा बाकावर उभा राहायचो. तिने बेतानं मारलं, तरी माझं टवकलं.

"हरलो," मी म्हटलं आणि सोलायला घेतलं.

गॅरीने माझा हात धरला. "सोलतोस काय? उलटं कर. दुसरं टोक अजून शाबूत आहे."

मी अंडं उलटं केलं, मुठीत धरलं आणि हॅटीला म्हटलं, या.